नसलेली दोरी

नमस्कार श्रोतेहो.

दोन मुलं समोरासमोर उभी आहेत. रस्सीखेच चालली आहे, पण हातात दोरी नाही. एकाने जोर लावला की दुसऱ्याला पुढे ओढलं जावंच लागतं. दोघंही एकाच वेळी मागे गेले, तर बघणाऱ्याला ती दोरी रबरासारखी ताणलेली दिसते आणि खेळ संपतो. म्हणून प्रत्येकाचं लक्ष समोरच्याच्या खांद्यावर, पायावर, श्वासावर खिळलेलं असतं. ‘मी जिंकणार’ एवढा एक विचार मनात शिरला, की दोरी गेलीच.

हा खेळ व्हायोला स्पोलिन या शिक्षिकेचा. संहिता नाही, पाठांतर नाही, प्रेक्षकांनी एखादा शब्द सुचवायचा आणि नटांनी तिथल्या तिथे प्रसंग रंगवायचा, असा जो इम्प्रोव्ह कॉमेडीचा प्रकार आज जगभर शिकवला जातो, त्याचा पाया बाईंच्या खेळांनी घातला. त्यांचा जन्म 1906 चा, शिकागोचा. तिथल्या हल हाउस या समाजसेवी संस्थेत त्या नीव्हा बॉइड यांच्याकडे शिकल्या. माणसं एकमेकांबरोबर राहायला खेळातून शिकतात, ही बॉइड यांची धारणा. 1939 च्या सुमारास बाई शिकागोतल्या सरकारी मनोरंजन प्रकल्पात नाटक शिकवायला लागल्या, तेव्हा समोर होती देशोदेशींहून आलेल्या गरीब कुटुंबांमधली मुलं. कोणाची भाषा वेगळी, कोणाची भीड वेगळी. बाईंनी संवाद पाठ करून घेण्याऐवजी त्यांना खेळ दिले. पुढे 1959 साली त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स यांनी सहकाऱ्यांसोबत ‘द सेकंड सिटी’ हे विनोदी नाट्यगृह शिकागोत सुरू केलं, तिथले नट याच खेळांवर तयार झाले. 1963 मध्ये ते खेळ पुस्तकरूपानेही आले.

मला बाईंची एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्या वर्गात ‘शाब्बास’ला आणि ‘चुकलं’ला सारखंच दूर ठेवायच्या. शाबासकीची वाट पाहणारा मुलगा समोरच्या मुलाकडे बघत नसतो, त्याचा एक डोळा बाईंकडे असतो. म्हणून प्रत्येक खेळात लक्ष ठेवायला एकच ठरावीक गोष्ट द्यायची, आणि ते ढळलं की खेळ न थांबवता कडेने नुसती हाक घालायची: “दोरीकडे बघ!” एवढंच. रागवायचं नाही, समजावत बसायचं नाही.

विपश्यनेला बसलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. इगतपुरीत 1976 पासून हजारो माणसं डोळे मिटून श्वासाकडे बघायला शिकत आली आहेत. मन भरकटलं, तर चिडायचं नाही, शांतपणे परत आणायचं. स्पोलिनबाईंच्या खेळात श्वासाच्या जागी दुसरा माणूस असतो आणि डोळे उघडे असतात. मौनाचं मोल मी कमी लेखत नाही. पण ज्यांना दहा मिनिटं एका जागी बसवत नाही, ज्यांचा जीव माणसांत रमतो, त्यांना जागं राहण्याचा हा दरवाजा जवळचा आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता प्रश्न हसण्याचा. अशा नाटकात हशा येतो कुठून? कीथ जॉन्स्टन हे या कलेचे दुसरे मोठे शिक्षक, आधी लंडनचे, नंतर कॅनडातल्या कॅलगरीचे. ते विद्यार्थ्यांना सांगायचे, हुशारी दाखवू नका, जे सहज सुचतं तेच बोला. समजा, दोघी जणी रंगमंचावर आहेत. एक म्हणते, “आत्या, एसटी सुटली!” दुसरी म्हणाली, “कसली एसटी? आपण तर घरात आहोत,” तर प्रसंग तिथेच मेला. पण आत्या म्हणाली, “अगं, तुझे काका आतच झोपलेत!” तर थिएटर हसतं. विनोद कोणीच केलेला नाही. आत्याने फक्त ऐकलं आणि मिळालं ते खरं मानलं. याचा अर्थ सगळ्याला मान डोलवायची असा नाही. भांडा की, हवं तितकं भांडा, पण एसटी सुटली आहे हे धरून भांडा. घरच्या किती भांडणांत आपण सुटलेली एसटी नाकारत बसतो!

आपल्याकडे हे कळायला शिकागोला जावं लागत नाही. सिंधुदुर्गात, गोव्यात दशावतार बघा. कथानक ठरलेलं असतं, संवाद लिहिलेले नसतात. राजा सवाल टाकतो आणि समोरच्या नटाला तो कानांत प्राण आणून ऐकावा लागतो, कारण त्याचं वाक्य त्या सवालातूनच निघायचं असतं. संकासूर हे त्यातलं विनोदी पात्र तर प्रेक्षकांतून आलेली खोडीसुद्धा झेलतं. या कलावंतांची एकाग्रता साधनेच्या तोलाची आहे आणि तिचा तसा मान व्हायला हवा.

आज रात्री जेवताना एक खेळ खेळून बघा. जॉन्स्टन तो शिकवायचे. सगळ्यांनी मिळून गोष्ट सांगायची, पण प्रत्येकाने पाळीपाळीने एकच शब्द बोलायचा. आजी म्हणेल “एकदा”, नातू म्हणेल “एक”, सून म्हणेल “मोठी”. आता पुढच्याने मनात हत्ती धरून ठेवला असेल, तर तो सोडून द्यावा लागणार. मोठी हत्ती कसा चालेल? घाईघाईने तो म्हणेल “म्हैस”. आणि ती म्हैस काय करणार, हे वाक्याच्या शेवटी क्रियापद ज्याच्या वाट्याला येईल त्याच्या हातात. तोपर्यंत ताटावरच्या कोणालाच काही ठरवून ठेवता येत नाही. आजोबांना ऐकू कमी येत असेल, तर त्यांच्या शेजारच्याने शब्द मोठ्याने म्हणावा, आणि मोबाइल तेवढा वेळ दुसऱ्या खोलीत ठेवावा.

नमस्कार.