हृदयाचे ‘पंपिंग’ मोजताना

नागपुरात हृदय कमजोर झालेल्या रुग्णाची विचारपूस बहुधा एकाच प्रश्नाने होते: “पंपिंग किती आहे?” मेडिकलचे, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे, सुपर स्पेशालिटी रुग्णालय असो वा धंतोली-रामदासपेठेतील खासगी दवाखाने, गडचिरोली, भंडारा किंवा बालाघाटहून आलेले नातेवाईक टू-डी इकोचा, म्हणजे ध्वनिलहरींनी केलेल्या हृदयाच्या तपासणीचा, कागद हाती पडताच त्यातला टक्क्यांचा आकडा शोधतात आणि ६० टक्के वाचून कित्येकदा उगाच घाबरतात. हे परीक्षेतले गुण नव्हेत. डाव्या जवनिकेत, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या हृदयाच्या खालच्या कप्प्यात, १२० मिलिलीटर रक्त भरले आणि त्यातले ७० मिलिलीटर एका ठोक्याला बाहेर पडले, तर प्रमाण सुमारे ५८ टक्के येते, आणि ते पूर्णपणे निरोगी असते. ४० टक्के वा त्याहून कमी प्रमाण मात्र गंभीर मानले जाते.

“काकाजी, डाव्या कुशीवर वळा, श्वास सोडा आणि जरा थांबा,” इको करणारे डॉक्टर सांगतात. छातीवर थंड जेल लागते, बरगड्यांच्या फटीतून ध्वनिलहरी आत जातात आणि पडद्यावर आकुंचन पावणारी जवनिका दिसू लागते. सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. स्वीडनमधील लुंड येथे १९५३ मध्ये इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी धातूंमधील दोष शोधणारे यंत्र हृदयाकडे वळवले, तेथून ही तपासणी सुरू झाली.

टक्केवारी काढण्यासाठी जवनिकेची आतली कड दोन वेगवेगळ्या छेदांत आखावी लागते. कड धूसर असली, की दोन तज्ज्ञांच्या मोजणीत सहज पाच टक्क्यांचा फरक पडतो. शिवाय डावी जवनिका आणि तिच्या वरचा कप्पा, म्हणजे डावे अलिंद, यांच्यामधली मिट्रल झडप गळत असेल, तर रक्ताचा काही भाग उलट अलिंदात जातो आणि आकडा प्रत्यक्षाहून चांगला दिसतो. पण हीच गळती डॉप्लरला, म्हणजे ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग मोजणाऱ्या पद्धतीला, एक मोलाची खूण देते. गळणाऱ्या धारेचा वेग सेकंदाला १ मीटरवरून ३ मीटरवर जातो, तेवढ्यात जवनिका आणि अलिंद यांच्यातील दाबाचा फरक पाऱ्याच्या ३२ मिलिमीटरने वाढलेला असतो; सशक्त स्नायू हे काम २७ मिलिसेकंदांच्या आत उरकतो, तर थकलेल्या स्नायूला ४० किंवा त्याहून अधिक मिलिसेकंद लागतात. पूर्वी दाबवाढीचा हा वेग मोजण्यासाठी नळी थेट हृदयात न्यावी लागे.

टक्केवारी ५० च्या वर असूनही पायांवर सूज आणि चालताना धाप असणारे रुग्ण पुष्कळ असतात, कारण त्यांचे हृदय ताठर होऊन नीट भरतच नाही. अशांना “इको नॉर्मल आहे” असे सांगून घरी पाठवणे अन्यायाचे आहे. त्यांच्या बाबतीत हृदय भरतानाचा वेग आणि दाब तपासलाच पाहिजे.

योग्य औषधे किमान तीन महिने घेऊनही प्रमाण ३५ टक्क्यांवर किंवा त्याखाली राहिले, तर अचानक मृत्यू टाळणारे यंत्र छातीत बसवण्याचा विचार होतो. एवढा मोठा निर्णय काठावरच्या आकड्यावर अवलंबून असताना पुढच्या तपासणीला येताना जुना अहवाल आणि शक्य असल्यास त्याच्या चित्रफितीही सोबत आणाव्यात, म्हणजे डॉक्टरांना दोन्ही वेळची जवनिका शेजारी-शेजारी ठेवून पाहता येते.