मँगनीजचा ढिगारा आणि धानाची बांधी

(दृश्य: तुमसर तालुका, भंडारा जिल्हा. रोवणी सुरू आहे. मागे काळसर टेकडी.)

ही टेकडी खाणीतून निघालेल्या दगडामातीची आहे. डोंगरी बुजुर्ग, चिखला इथलं मँगनीज पोलादासाठी जातं. टाकाऊ दगड आणि चुरा मागे उरतो.

त्यात मँगनीज किती, हा प्रश्न अर्धाच झाला. पृष्ठभाग किती उघडा पडलाय, तेही बघावं लागतं. एक सेंटिमीटरच्या दगडी ठोकळ्याच्या सहा बाजू मिळून ६ चौरस सेंटिमीटर भरतात. तोच दळून एक मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचे) कण केले, की ६ चौरस मीटर! आणि हा पृष्ठभाग स्वस्थ बसत नाही. साध्या पाण्यात चुऱ्यातल्या मँगनीज डायऑक्साइडवर, म्हणजे मँगनीज-ऑक्सिजनच्या काळ्या संयुगावर, ऋण भार असतो. शिसं, कोबाल्ट, निकेल यांचे धन भाराचे कण (आयन) त्याला चिकटतात. म्हणजे हवा खेळती असेपर्यंत हा काळा चुरा धातू धरून ठेवतो. ढिगाऱ्याची एवढी बाजू घ्यायलाच हवी.

पण पावसात तोच चुरा वाहून बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतात, उतरतो. चिखलणी होते, पाणी साचतं, मातीतला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपत येतो. मग जीवाणू श्वसनासाठी आधी नायट्रेट वापरतात आणि त्यानंतर मँगनीज ऑक्साइड. ते विरघळू लागतं. चिकटलेले धातूही सुटतात. धान बरंच मँगनीज सोसतं. काळजी आहे ती शेजारच्या विहिरीची, कारण विरघळलेलं मँगनीज तिथं झिरपू शकतं.

उपसताना पाणी नितळ दिसतं. हंड्यात हवा लागली की हळूहळू काळपट थर धरतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम मँगनीज चालतं. दुसरी सोयच नसेल तर ०.३ पर्यंत. जास्त झालं तर लहान मुलांच्या मेंदूला बाधा होऊ शकते, आणि पाणी उकळून ते जात नाही. दर वेळी दोष ढिगाऱ्याचाच असतो असं नाही. या भागातल्या खडकातच मँगनीज आहे, म्हणून पाणी तपासून घ्यावं.

(दृश्य: ढिगाऱ्याच्या पायथ्याचा चर.)

ढिगाऱ्याभोवती चर हवा, गाळ बसवायला टाकं हवं, उतारावर गवत हवं. गावात पाणी हवेत खेळवून वाळूतून गाळता येतं. काही काळाने वाळू काळी पडते. ती धुवा, पण फेकू नका: त्या काळ्या थरावरच पुढचं मँगनीज अडकतं.