आधी हात गरम करा, मग टेस्ट

नमस्कार श्रोतेहो. आज नर्व्ह कंडक्शन टेस्टबद्दल बोलूया, म्हणजे ती एनसीव्ही, हातापायाला बारीक बारीक करंट देऊन नसेतून सिग्नल किती वेगात जातो ते बघतात ती. जीबीएस म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, सीआयडीपी म्हणजे त्याच्यासारखाच पण हळूहळू वाढणारा, असे जे आजार आहेत, ज्यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते, त्यात ही टेस्ट फार कामाची. वायरवर प्लास्टिक असतं तसं नसेवर मायलिनचं आवरण असतं, ते खराब झालं की वेग पडतो, आणि आतला तंतूच गेला तर वेग बराचसा टिकतो पण स्क्रीनवरची लाट बुटकी होते. हातात सेकंदाला साधारण 50 मीटर आणि पायात 40 च्या वर, हे नॉर्मल धरतात.

आता एक किस्सा सांगते, तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही. जानेवारी 2025, पुण्यात जीबीएसची साथ, सिंहगड रोड, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, सगळीकडे पाणी उकळून पिणं चाललेलं, काही पेशंटमध्ये कॅम्पायलोबॅक्टर नावाचे जंतू सापडल्याच्या बातम्या, आणि कुणाच्या हाताला मुंग्या आल्या की अख्खं घर घाबरायचं. त्याच बाजूच्या एक ताई माझ्याकडे टेस्टला आल्या, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या. मुलानं भल्या सकाळी टू-व्हीलरवर मागे बसवून आणलेलं. हातात दुसरीकडचा रिपोर्ट, सगळ्या नसा स्लो, आणि इंजेक्शनांचा खर्च काही लाखांत जाईल असं कुणीतरी सांगितलेलं, तो मुलगा दागिने मोडायच्या गोष्टी करत होता हो.

मी टेस्ट लावली तर खरंच हातातला वेग 43. पण लाटा बघितल्या तर चांगल्या उंच, एकदम टपोऱ्या! मायलिन बिघडलं की वेग तर पडतोच, पण सिग्नल मधेच अडतो, लाट पसरते आणि त्यामुळे तीही बुटकी होते. इथे वेग कमी आणि लाट उंच, हे जुळेचना. मग हात हातात घेतला तर बर्फासारखा गार, त्वचेचं तापमान 27. बादलीत गरम पाणी मागवलं, ताईंना म्हटलं हात बुडवून निवांत बसा, चहा घ्या. 32 झाल्यावर परत टेस्ट, वेग 52! हात एक डिग्री गार झाला की वेग सेकंदाला साधारण दोन मीटरनं कमी होतो, इतका साधा हिशोब. फक्त मनगटापाशी एकच नस स्लो राहिली, आणि ताई म्हणाल्या, "मॅडम, रात्री अंगठा आणि बाजूची दोन बोटं बधिर होतात, हात झटकला की बरं वाटतं." कार्पल टनेल! म्हणजे मनगटात नस दाबली जाणं. वर्षानुवर्षं कणीक मळणं आणि पोळ्या लाटणं. डॉक्टरांनी हातोडीनं गुडघा ठोकून बघितला, पाय छान उडाला, जीबीएसमध्ये हे रिफ्लेक्स बहुतेक वेळा जातात. मुलगा तिथेच रडायला लागला.

म्हणून परत सांगते, हात गार असेल तर रिपोर्ट खोटा बोलतो. हात गार, तर रिपोर्ट खोटा. आणि हॉस्पिटलवाल्यांनी ते एसी 18 वर ठेवणं आधी बंद करावं, पेशंट कुडकुडतात, म्हाताऱ्या माणसांना तर शाल पण कुणी देत नाही, मला याचा मनापासून राग येतो.

उलटंही होतं बरं का. जीबीएसच्या पहिल्या आठवड्यात टेस्ट नॉर्मल येऊ शकते, आजार मात्र असतोच. तेव्हा पायातली ताकद कमी होत चाललीय आणि रिपोर्ट नॉर्मल, तर "मनाचे खेळ" म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांना परत दाखवा, टेस्टसुद्धा परत करता येते.

टेस्टला जाताना हातापायाला तेल, क्रीम काही लावू नका, थंडीत मोजे-स्वेटर घालून जा, पेसमेकर असेल तर आधीच सांगा. आणि श्वास लागतोय, गिळता येत नाहीये, पाय उचलत नाहीत, असं काही असेल तर टेस्टच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टी गाठा. रिपोर्ट नंतर होतो, उपचार त्याच्यासाठी थांबत नाहीत.