चौदावा दिवस

[दृश्य: पडवीतून आत जाणारी वाट. ओव्याची धुरी.]

सिंधुदुर्गातलं एक घर. बाळ आज चौदा दिवसांचं झालं. आशाताईंनी आल्या आल्या हात धुतले, पिशवीतून झोळीचा काटा काढला. काटा स्थिरावेपर्यंत आजी, आत्या, शेजारीण, सगळ्यांच्या माना तिकडे. दोन किलो नऊशे. वजन वाढलंय!

कानांना रुमाल बांधलेली आई भिंतीकडे तोंड करून पडलीय. आळिवाची खीर उशाशी तशीच, वर साय धरलेली.

दवाखान्यात बाळंतपण झालं की गावची आशा कार्यकर्ती सहा वेळा घरी येते: 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी. बाळाचा ताप, नाळ, श्वास, वजन. आईचा ताप, अंगावरून जाणं. सगळं बघते. मनातलं मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.

पहिल्या आठवड्यात उगाच रडू येणं बहुतेकींना होतं. संप्रेरकं झपाट्याने उतरलेली, त्यात रात्रीची जागरणं. दोनेक आठवड्यांत ते ओसरतं. नाही ओसरलं, तर तो आजार असू शकतो. 'बाळंतवाताचे चाळे' म्हणून तो सोडून देऊ नये.

इथून हद्द ओलांडली की गोवा. म्हापशाच्या रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गरोदरपणापासून बायकांशी बोलत राहून एक अभ्यास केला. तो 2002 साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी 23 टक्के आयांना नैराश्य होतं. कारणं विचारलीत, तर गरिबी, नवऱ्याची मारहाण, आणि मुलगी झाली म्हणून उतरलेले चेहरे. बरं, त्यातल्या बहुतेकींचं मन गरोदरपणातच खचलेलं होतं. तेव्हा सोनोग्राफी झाली, लोहाच्या गोळ्या झाल्या. हे राहिलं.

[दृश्य: प्रसूती कक्षाचं बंद दार.]

काही जणी तर इथूनच दुखावून घरी येतात. "गप पड." "तेव्हा बरी नाही ओरडलीस?" कुठल्याही चार आयांना विचारा, एकीने तरी हे ऐकलेलं असतं. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला केंद्राने 2016 साली मुभा दिली. तीही स्वतः बाळंतपण सोसलेली बाई हवी. प्रसूती कक्ष सुधारण्यासाठीच्या 2017 च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात आडोशाचा पडदा आणि सन्मानाची वागणूकही आली. पडद्याला खर्च येतो. नीट बोलायला काय लागतं?

[दृश्य: पुन्हा तीच खोली.]

बाळंतिणीचं नैराश्य ओळखायला एडिंबरोची दहा प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, 1987 ची. गेल्या सात दिवसांबद्दल विचारते. तिचा पहिलाच प्रश्न हसण्याबद्दल आहे. आशाताईंच्या पिशवीत ती नाही. त्या काटा गुंडाळतात, आजीला चहा टाकायला आत पाठवतात आणि बाजेवर टेकतात.

"झोप लागता मां गो तुका?"

बराच वेळ काही नाही. मग, भिंतीकडेच बघत:

"माका रडाक येता. कित्याक ता कळणा नाय."

आशाताई आतल्या चहाला थांब म्हणून सांगतात.