आजी, आता पुरलं!

नमस्कार श्रोतेहो. आज लाकडी ठोकळ्यांविषयी बोलायचंय. पण आधी माझ्या नातीचा पूल.

तेव्हा ती साडेतीन वर्षांची. फरशीवर पालथी पडून तिने दोन मनोरे रचले होते. त्यांवर एक आडवा ठोकळा ठेवायचा, की झाला पूल. ठेवला. एक टोक टेकलं, दुसरं खाली घसरलं. पुन्हा ठेवला, पुन्हा घसरला. तिसऱ्यांदा तिने तो वरून दाबला, दाबल्यावर लांब होईल अशा आशेने. माझे हात नुसते शिवशिवत होते! "अगं, मनोरे जवळ घे," एवढंच तर सांगायचं होतं. पण नाही सांगितलं. मग तिने तोच ठोकळा खाली फरशीवर, दोन मनोऱ्यांच्या मधे ठेवला आणि उरलेल्या फटीकडे बघत बसली. बराच वेळ. एकदम एक मनोरा तळाशी धरून सरकवला. वरचा ठोकळा गडगडला, तो परत चढवला, आणि पूल टेकला. दोन्ही टोकांना टेकला! "आजी, आता पुरलं!"

'पुरलं' म्हणाली बघा. पट्टी हातात न धरता पोरीने अंतर मोजलं होतं.

दीड-दोन वर्षांचं मूल ठोकळे नुसते इकडून तिकडे वाहून नेतं. वजन कळतं ते तिथेच. मग रांगा, मनोरे, मग पूल, मग कुंपण. जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बालशाळा काढली. त्यांच्या एका खेळण्यात एकाच घनाचे आठ सारखे छोटे घन होतात. पुढे अमेरिकेत कॅरोलिन प्रॅट यांनी ठोकळ्यांना माप बांधून दिलं: जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. म्हणून दोन अर्धे जोडले की एक पुरा होतो. अपूर्णांक शाळेत भेटायच्या आधी बोटांना भेटतो.

बटण दाबलं की गाणारी खेळणी मला मुळीच आवडत नाहीत. सगळी करामत खेळणंच करतं, मुलाला काही करायला उरतच नाही.

तेव्हा पालकहो, हात पुढे करू नका. पुन्हा सांगते, मनोरा पडू द्या, हात पुढे करू नका. आणि "काय केलंस?" असं लगेच विचारूही नका. कधीकधी ते अजून ठरायचं असतं. त्यापेक्षा शेजारी बसा, दिसतंय ते बोला: "हा वर राहिला, तो घसरला." वर, खाली, मधे, पलीकडे हे शब्द मुलं अशीच उचलतात.

त्या दिवशी पुलाखालून आधी एक बोट गेलं, मग माझा चष्मा. चष्मा अडकला, आणि ती पुन्हा मनोरे सरकवायला लागली.