बुडालेला रोज कोण भरून देणार?

[ओटीवर बसून, हातात शाळेची वही]

नमस्कार मंडळी. वाडीच्या कामासाठी स्वतःचा रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, बुडवणाऱ्या माणसांना फेलोशिप देण्याबद्दल आज बोलायचंय. पण आधी एक वही दाखवते. मुलाची गणिताची वही आहे. पुढची पानं मुलाची, मागची आईची. आई म्हणजे आमच्या वरच्या वाडीतल्या वहिनी. नाव सांगत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. हे पान जवळून बघा: 'तालुक्याला. पाण्याचा अर्ज. एसटी ३०. झेरॉक्स १८. चहा १०.' आणि खाली, 'रोज बुडाला.' त्याच्यापुढे आकडाच नाही.

वहिनी काजूच्या कारखान्यात जातात. ज्या दिवशी जात नाहीत, त्या दिवसाची मजुरी नाही. आपल्या कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी एप्रिल-मे आला की वरच्या वाड्या टँकरच्या वाटेकडे डोळे लावून बसतात. जांभा दगड पाणी धरत नाही आणि उरलेलं उतारावरून समुद्राला जातं. २०१९ साली जल जीवन मिशन आलं, माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने द्यायचं ठरलं. गावोगाव पाणी समित्या झाल्या. समितीत निम्म्या बायका हव्यात म्हणून वहिनींचं नाव घातलं, सहीपुरतं. वहिनींनी मात्र ते मनावर घेतलं. टाकी खालच्या अंगाला बांधली तर वरच्या वाडीला पाणी चढणार नाही, हे त्यांनी हंडा डोक्यावर घेऊन चढताना पायांनी मोजलेलं होतं. ते कागदावर आणायला त्यांना तालुक्याला अकरा खेपा घालाव्या लागल्या. एका टेबलावर विचारलं, "तुम्ही कोण? सरपंच आहात का?" त्या म्हणाल्या, "नाय, मी पानी भरतंय."

टाकी वर सरकली. पण त्या अकरा दिवसांची मजुरी कोणी दिली? कोणीच नाही. घरातल्या तेल-मिठातून गेली.

आजचा विषय हाच. फेलोशिप म्हटलं की आपल्याला परदेशी शिकायला जाणारी मुलं आठवतात. पण दानाच्या पैशातून वाडीवस्तीतल्या कार्यकर्त्यांना दिली जाणारी फेलोशिपही असते. एखादी संस्था किंवा ट्रस्ट अशा माणसाला वर्ष, दीड वर्ष, कधी तीन वर्षं दरमहा मानधन देते. सोबत प्रशिक्षण, एक अनुभवी सोबती, आणि दुसऱ्या गावांतले असेच धडपडणारे दहा-वीस जण ओळखीचे होतात. अट एकच, ज्या कामात आहात तेच नीट करा. म्हणजे पैसा विहिरीला किंवा हॉलला नाही, माणसाच्या वेळेला मिळतो.

मी मुद्दाम 'पुढारी' म्हणत नाही. आपल्याकडे पुढारी म्हटलं की बॅनर डोळ्यांपुढे येतो. ही माणसं बॅनरवर नसतात.

ही कल्पना कुठून बाहेरून आली असं वाटत असेल, तर गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला चला. गोपाळ कृष्ण गोखल्यांचा जन्म तिथला, १८६६ चा. १९०५ साली त्यांनी पुण्यात भारत सेवक समाज ही संस्था काढली. सदस्य व्हायचं तर स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, अशी शपथ घ्यावी लागे. पण त्याच शपथेच्या दुसऱ्या बाजूला संस्थेचीही जबाबदारी होती: सदस्याच्या घरच्यांच्या पोटापाण्याची जमेल तेवढी सोय संस्था करणार. वर पाच वर्षांचं शिक्षण. मला हे फार मोठं वाटतं. त्याग मागितला, पण बायकामुलांना उपाशी ठेवून नाही.

आणि त्यातून काय उभं राहिलं? माणगाव तालुक्यातल्या गोरेगावचे ना. म. जोशी १९०९ मध्ये या संस्थेत आले. दोनच वर्षांत त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. गिरणगावात रात्रशाळा, वाचनालयं, दवाखाने. त्या चाळींत राहणारे कोण होते? आपलेच चाकरमानी. पुढे १९२० मध्ये आयटक ही कामगार संघटनांची देशपातळीवरची संघटना उभी राहिली, तेव्हा संस्थापकांमध्ये ना. म. जोशी होते. लोअर परळला त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आजही आपले लोक कामावर जातात.

आताचं उदाहरण घ्यायचं तर मुंबईची कोरो इंडिया. १९८९ साली वस्तीत प्रौढ साक्षरतेपासून सुरुवात झाली, आणि २००८ पासून ही संस्था महाराष्ट्रात तळातल्या कार्यकर्त्यांसाठी फेलोशिप चालवते. मुंबईत बायकांना मोफत आणि स्वच्छ मुतारी मिळावी म्हणून उभ्या राहिलेल्या 'राइट टू पी' मोहिमेमागे कोरो होती.

आता रायगडकडे या, कातकरी आदिवासींच्या वाड्यांवर. तिथे हा मानधनाचा प्रश्न जिवावरचा आहे. पावसाळ्यात हातात पैसा नसतो, तेव्हा मुकादम उचल देतो. दिवाळी झाली की ती फेडायला सगळं बिऱ्हाड वीटभट्टीवर किंवा कोळसाभट्टीवर. घरांना कुलूप, शाळा सुटलेली, वाडीत म्हातारी माणसं. वाडीत एक शिकलेला पोरगा असतो, जातीचे दाखले, रेशनकार्डं, वनहक्काचे, म्हणजे जंगलजमिनीवरच्या हक्काचे, दावे बघणारा. त्याच्या बापानेही उचल घेतलेली असते. मग तोही भट्टीवर. वनहक्काचा कायदा २००६ चा आहे, पण दाव्याची तारीख लागते तेव्हा दावा समजावून सांगणारा माणूस विटा थापत असतो. या पोराला वर्षभर मानधन मिळालं, तर पहिली गोष्ट घडते ती एवढीच: तो वाडीत राहतो. बाकीचं सगळं त्यानंतर.

पण मंडळी, फेलोशिप चुकीची दिली तर वाडी फुटते, हेही सांगायला हवं. एकाच्या खात्यात पैसे आले की दुसऱ्या दिवशी विहिरीवर कुजबुज सुरू. "हिला पगार चालू झालाय, मग आम्ही कशाला यायचं?" म्हणून निवड वाडीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर व्हावी आणि रक्कमही उघड सांगावी. दुसरं म्हणजे अर्ज. ऑनलाइन, इंग्रजीत, वर पाचशे शब्दांचा निबंध. वहिनींनी तो कसा भरायचा? त्यांच्याशी ओटीवर बसून तासभर बोला, वाडी फिरा, हीच मुलाखत. आणि मुदत संपल्यावर काय, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

पैसा येणार कुठून? मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्याने नफ्याचा दोन टक्के भाग समाजकामावर खर्च करावा लागतो, तो सीएसआर. पण बोर्ड लावून फोटो काढता येईल अशी वस्तू त्यांना सोपी वाटते, माणसाचा वेळ दाखवायचा कसा? परदेशी देणगीचं बोलायचं तर तिच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने ती दुसरीला द्यायला बंदी आहे. त्यामुळे शहरातल्या मोठ्या संस्थेकडून तालुक्यातल्या छोट्या संस्थेकडे येणारी ती वाट बंद झाली.

माझं लक्ष म्हणून आपल्या मुंबईच्या मंडळांकडे आहे. दादर, लालबाग, भांडुप, विरार, प्रत्येक गावाचं मंडळ. देवळाचा जीर्णोद्धार, शिमग्याची पालखी, कमान, सगळं वर्गणीतून झालंय, आणि मनापासून झालंय. आता साधा हिशेब करा. ऐंशी घरांनी महिन्याला शंभर रुपये काढले तर आठ हजार होतात. वाडीतल्या एका बाईला महिन्यातले आठ-दहा दिवस मोकळे करायला ते पुरतात. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल तर मंडळाच्या घटनेत हे उद्दिष्ट बसतं का ते वाचा, वार्षिक सभेत ठराव करा, पैसे बँकेतूनच द्या. कामाचा हिशेब मागायचा असेल तर तोही वाडीच्या बैठकीतच मागा, मुंबईहून फोन करून नको.

वहिनींना मी हे सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या. मग विचारलं, "पैसं घेतलं तर लोक माजा आयकतील काय?" मी म्हटलं, वहिनी, अंगणवाडी सेविका मानधन घेते, म्हणून तिचं कोणी ऐकत नाही का? त्यांनी उत्तर दिलं नाही. वही मागून घेतली आणि त्या अकरा खेपांपुढे एकेक आकडा लिहायला बसल्या. पेन्सिलीने.

[वहीचं तेच पान]

तुमच्या वाडीतही असं कोणीतरी असेल. त्यांचं नाव कमेंटमध्ये लिहू नका, आधी त्यांना विचारा. गेल्या महिन्यात वाडीच्या कामाला किती दिवस गेले, आणि किती रोज बुडाला, एवढंच विचारा. तो आकडा मात्र जरूर लिहा.