शपथेनंतर तिसऱ्या दिवशी

अमेरिकी काँग्रेसचे नवे सदस्य 3 जानेवारीला शपथ घेतात आणि राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक नुकतीच झालेली असेल, तर 6 जानेवारीला दोन्ही सभागृहांच्या (प्रतिनिधिगृह आणि सिनेट) संयुक्त बैठकीत राज्यांकडून आलेल्या इलेक्टोरल मतांची, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या राज्यनिहाय प्रतिनिधींच्या मतांची, मोजणी होते. सभागृहाची रीत अंगवळणी पडण्याआधीच त्यांना या निकालावर शिक्कामोर्तब करायला बसावे लागते.

2021 मध्ये ट्रम्प यांच्या पराभवावर शिक्कामोर्तब व्हायचे होते; ॲरिझोनाची मते मोजू नयेत या आक्षेपाची चर्चा चालू असताना ट्रम्प समर्थकांचा जमाव काँग्रेसच्या इमारतीत, कॅपिटॉलमध्ये, घुसला. कामकाज पुन्हा सुरू झाल्यावर प्रतिनिधिगृहात त्या आक्षेपाला 121, तर पेनसिल्व्हेनियाच्या मतांवरील आक्षेपाला 138 सदस्यांनी पाठिंबा दिला. सिनेटमध्ये पेनसिल्व्हेनियाच्या वेळी आक्षेपाच्या बाजूने सातच मते पडली. मात्र टेड क्रूझ वगळता ते सर्वजण 2018 मध्ये किंवा त्यानंतर सिनेटमध्ये आलेले होते आणि टॉमी ट्यूबरव्हिल, रॉजर मार्शल व सिंथिया लुमिस यांच्या शपथेला तर तीनच दिवस झाले होते. अर्थात मार्शल आणि लुमिस पूर्वी प्रतिनिधिगृहात होते. अननुभवाची सबब त्यांना लागू पडत नाही.

प्रतिनिधिगृहात नवे रिपब्लिकन सदस्य दुभंगले. मार्जोरी टेलर ग्रीन आणि लॉरेन बोबर्ट आक्षेपाच्या बाजूने गेल्या, तर नॅन्सी मेस आणि मिशिगनचे पीटर मायर विरोधात राहिले. मायर यांनी पुढच्याच आठवड्यात ट्रम्प यांच्यावरील महाभियोगालाही पाठिंबा दिला आणि 2022 मध्ये पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीतच ते पराभूत झाले. ज्याची जागा सुरक्षित, त्याला खरी भीती विरोधी पक्षाची नसते, स्वपक्षाच्या मतदारांची असते. नव्या सदस्याला ती अधिक जाणवते, असे आम्हांला वाटते.

या आक्षेपांतली विसंगती टेक्सासचे प्रतिनिधिगृह सदस्य चिप रॉय यांनी सदस्यांच्या शपथविधीच्याच दिवशी दाखवली होती. वादग्रस्त राज्यांतील सदस्यही त्याच मतपत्रिकांवर निवडून आले आहेत, मग त्यांना तरी सभागृहात कसे बसू द्यायचे, असा पेच त्यांनी टाकला. सभागृहाने 371 विरुद्ध 2 मतांनी सर्वांना बसवून घेतले.

2022 च्या कायद्याने आक्षेपाची अट कडक केली. पूर्वी प्रत्येक सभागृहातील एकेका सदस्याची सही पुरत असे, आता एक-पंचमांश सदस्यांच्या सह्या लागतात. 2025 मध्ये कोणीही आक्षेप घेतला नाही. जानेवारी 2029 मध्ये कोणाला तो घ्यायचा असल्यास प्रतिनिधिगृहात 87 आणि सिनेटमध्ये 20 जण जमवावे लागतील. यांपैकी पहिला आकडा 2021 मध्ये आक्षेपाच्या बाजूच्या मतांनी सहज ओलांडला होता, दुसऱ्याच्या जवळपासही कोणी पोहोचले नव्हते. म्हणून यापुढे लक्ष ठेवायचे ते सिनेटमध्ये नव्याने येणाऱ्यांवर.